हरणाच्या स्टॉकिंगसाठी पहिली रायफल: कॅलिबर कसं ठरवायचं

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार बंद आहे, आणि हा लेख भारतासाठी नाही. ब्रिटनमध्ये परिस्थिती निराळी आहे. तिथले लांडगे आणि लिंक्स शेकडो वर्षांपूर्वीच संपले, त्यामुळे हरणांना खाणारं कुणी उरलं नाही. संख्या वाढली की नव्या झाडांचे कोंब खुडले जातात, जंगलाचा खालचा थर मोकळा पडतो, शेतातलं उभं पीक जातं. म्हणून दरवर्षी कायद्याच्या चौकटीत राहून परवानाधारक माणसं पायी फिरून किंवा मचाणावर बसून ठरावीक हरणं मारतात, आणि ते मांस खाल्लं जातं. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने दबकत जाऊन जनावर गाठण्याच्या या पद्धतीला तिथे स्टॉकिंग म्हणतात. इंग्लंड, वेल्स किंवा स्कॉटलंडमध्ये स्थायिक झालेल्या आणि या कामाकडे वळू पाहणाऱ्या वाचकाला पहिली रायफल निवडताना उपयोगी पडावं, एवढ्यासाठी हे लिहिलं आहे.

आधीच सांगून टाकतो: कॅलिबरवरून जेवढे वाद होतात तेवढा फरक हरणाला पडत नाही. साधारण दहा सेंटिमीटरच्या वर्तुळात, म्हणजे खांद्यामागे काळीज-फुप्फुसांवर, योग्य प्रकारची गोळी लागली की .२४३ काय आणि .३०८ काय, जनावर काही सेकंदांत पडतं. गोळी पोटात गेली तर .३००ची मॅग्नमसुद्धा (जास्त दारूचं, जोरदार काडतूस) तुमची चूक झाकत नाही आणि जनावराला पटकन मारतही नाही. म्हणून जे काडतूस तुम्ही न दचकता, दर वेळी त्या दहा सेंटिमीटरमध्ये घालू शकता, तेच तुमचं कॅलिबर. बाकीचा विचार त्यानंतर.

आधी काडतुसाच्या पेटीवरचे आकडे वाचायला शिका

कॅलिबर म्हणजे गोळीचा, किंवा नळीच्या आतला, व्यास. पण बोलताना लोक ज्याला कॅलिबर म्हणतात ते खरं तर काडतुसाचं नाव असतं. .३०८ विंचेस्टर आणि .३०-०६ स्प्रिंगफील्ड या दोन्हींत तीच .३०८ इंच व्यासाची गोळी बसते. पितळी टोपी (दारू भरायचं कवच) वेगळी, दारू वेगळी, लांबी वेगळी. .२७० विंचेस्टरची गोळी तर .२७७ इंचांची असते. त्यामुळे नावातल्या आकड्यावर विसंबून कधीही काडतूस विकत घेऊ नका. नळीवर कोरलेलं पूर्ण नाव आणि पेटीवरचं पूर्ण नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.

पेटीच्या बाजूला सहसा तीन गोष्टी छापलेल्या असतात. समजा लिहिलंय ‘.२४३ विंचेस्टर, १०० ग्रेन, सॉफ्ट पॉइंट’, आणि खालच्या तक्त्यात ‘२,९६० फूट प्रति सेकंद’. ग्रेन हे गोळीचं वजन. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, म्हणजे १०० ग्रेन साधारण साडेसहा ग्रॅम. सॉफ्ट पॉइंट म्हणजे मऊ टोकाची, लागल्यावर फुलणारी गोळी. वेग हा नळीच्या तोंडाशी मोजलेला असतो. यावरून ऊर्जा काढायचं सूत्र पाठ करून ठेवा, कारण कायदा ऊर्जेच्या भाषेत बोलतो:

गोळीचं वजन ग्रेनमध्ये × वेग × वेग ÷ ४,५०,२४० = ऊर्जा फूट-पाउंडांत.

वरच्या काडतुसाला लावून पाहू. २,९६० चा वर्ग ८७,६१,६००. त्याला १०० ने गुणून ४,५०,२४० ने भागलं की १,९४६ फूट-पाउंड येतात. हा हिशेब फोनवर अर्ध्या मिनिटात होतो. नवं काडतूस घेताना दर वेळी करा. का, ते पुढे नळीच्या लांबीत कळेल.

पहिली पायरी: कायद्याची खालची मर्यादा

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ चा डिअर ॲक्ट लागू आहे. सर्वसाधारण नियम असा: कॅलिबर किमान .२४० इंच, तोंडाशी ऊर्जा किमान १,७०० फूट-पाउंड (सुमारे २,३०५ जूल), आणि गोळी मऊ किंवा पोकळ टोकाची. २००७ पासून मंटजॅक आणि चायनीज वॉटर डिअर या दोन लहान जातींसाठी सवलत आहे: किमान .२२० इंच, १,००० फूट-पाउंड आणि ५० ग्रेनची गोळी. रो हरणाला ही सवलत इंग्लंडमध्ये नाही. इथे बरेच नवखे चुकतात, कारण सीमेपलीकडे ती आहे.

स्कॉटलंडचा नियम १९८५ च्या आदेशातला आहे आणि तो वजन, वेग आणि ऊर्जा तिन्ही पाहतो. सर्व हरणांसाठी वेग किमान २,४५० फूट प्रति सेकंद आणि ऊर्जा १,७५० फूट-पाउंड. गोळीचं किमान वजन पूर्वी १०० ग्रेन होतं, ते २०२३ मध्ये ८० ग्रेनवर आणलं. रो हरणासाठी ५० ग्रेन, २,४५० फूट आणि १,००० फूट-पाउंड पुरतात, म्हणून तिथे .२२३ रेमिंग्टनने रो मारणं कायदेशीर आहे. उत्तर आयर्लंडचा कायदा स्वतंत्र आहे. तिथे जाणार असाल तर तो वेगळा वाचा.

कायद्यात बसणं आणि कामाला योग्य असणं यांत अंतर आहे, आणि ते एका उदाहरणात दिसतं. .२४३ मध्ये ५८ ग्रेनची हलकी गोळी ३,७५० फुटांच्या वेगाने जाते. हिशेब केला तर १,८११ फूट-पाउंड. इंग्लंडमध्ये ऊर्जेच्या आणि कॅलिबरच्या अटीत ती चक्क बसते. पण ही गोळी कोल्ह्यासाठी बनवलेली असते. कातडीला लागताच तिचे तुकडे व्हावेत अशीच तिची रचना. फॅलो जातीच्या हरणाच्या खांद्याच्या हाडावर ती बसली तर बाहेरून बशीएवढी भयानक जखम होते आणि आत फुप्फुसापर्यंत काहीच पोचत नाही. जनावर जखमी अवस्थेत मैलभर पळतं. पेटीवर गोळी कोणत्या जनावरासाठी आहे हे सहसा लिहिलेलं असतं, ते वाचा. कोल्हा किंवा ससा लिहिलं असेल तर हरणासाठी ती पेटी परत ठेवा.

दुसरी पायरी: तुमचं हरीण कोणतं, जमीन कोणती

ब्रिटनमध्ये सहा जाती मोकळ्या फिरतात. आपल्या डोळ्यांना सवयीचं सर्वात जवळचं जनावर म्हणजे मंटजॅक, आपल्या भेकराचा चिनी भाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेडफर्डशरच्या वोबर्नमध्ये आणलेल्या जनावरांपासून तो पसरला. वजन १० ते १८ किलो. चायनीज वॉटर डिअर साधारण तेवढंच, नराला शिंगांऐवजी सुळे. रो हे चांगल्या शेळीएवढं, १० ते २५ किलो. फॅलोच्या अंगावर उन्हाळ्यात चितळासारखे ठिपके असतात आणि नर ९० किलोच्या पुढे जाऊ शकतो. सिका त्याहून थोडा लहान, पण चिवटपणात सगळ्यांच्या वरचढ. आणि लाल हरीण सांबराच्या मापाचं. मोठा नर १९० किलोपर्यंत भरतो.

आता स्वतःला विचारा: पुढची दोन-तीन वर्षं मला परवानगी कुठे मिळणार आहे? दक्षिण इंग्लंडमध्ये शेतकऱ्याच्या रानात मंटजॅक आणि रो मारणाऱ्याला लागणारी रायफल आणि स्कॉटलंडमधल्या हायलँड्सच्या डोंगरावर ऑक्टोबरात लाल नर मारणाऱ्याला लागणारी रायफल वेगळी असू शकते. जंगलात बहुतेक नेम ६० ते १०० मीटरांत पडतात. उघड्या डोंगरावर दीडशे, क्वचित दोनशे. नवख्याने त्यापुढे नेम धरू नये, असं आमचं ठाम मत आहे. रायफल चारशे मीटरवर अचूक मारते म्हणून तुम्ही मारता असं होत नाही, आणि गोळी तेवढं अंतर कापेपर्यंत हरीण एक पाऊल पुढे टाकू शकतं.

जमिनीचा दुसरा प्रश्न गोळीच्या पाठीमागे काय आहे याचा. हरणातून पार गेलेली गोळी मातीत शिरलीच पाहिजे: उतार, बांध, डोंगराचा कुशीतला भाग. सपाट शेतात उभ्या माणसाने सपाट नेम धरला तर गोळी कुठे थांबेल हे सांगता येत नाही, मग ती .२४३ असो की .३०८. अशा जागी कॅलिबर लहान करून काही साधत नाही; मचाण बांधून वरून खाली मारणं हाच उपाय.

तिसरी पायरी: उमेदवार एकेक करून

.२२३ रेमिंग्टन. ५५ ग्रेन, सुमारे १,२८० फूट-पाउंड. धक्का जवळजवळ नाही, काडतूस स्वस्त, सरावाला उत्तम. इंग्लंडमध्ये फक्त मंटजॅक आणि चायनीज वॉटर डिअर, स्कॉटलंडमध्ये फक्त रो. रो आणि फॅलो दोन्ही असलेल्या इंग्लिश जमिनीवर ही एकटी रायफल तुम्हाला कायदेशीररीत्या चालणारच नाही. पहिली रायफल म्हणून फार थोड्या लोकांना योग्य.

.२४३ विंचेस्टर. १९५५ सालचं काडतूस, .३०८ ची टोपी मानेत आवळून बनवलेलं. गेली कित्येक दशकं नवख्याच्या हातात हीच दिली जाते, आणि त्यामागे कारण आहे: धक्का कमी, मार्ग सपाट, काडतूस प्रत्येक दुकानात. सहाही जातींवर कायद्याने चालते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. लाल नरावर किंवा मोठ्या फॅलोवर चुकीला जागा कमी उरते. तिरपा नेम असेल, मध्ये खांद्याचं हाड असेल, तर.२४३ च्या गोळीला आत पोचायला कष्ट पडतात. दुसरी गोष्ट तांब्याच्या गोळ्यांची, ती स्वतंत्र सांगतो.

६.५ × ५५ स्वीडिश आणि ६.५ क्रीडमोर. पहिलं १८९० च्या दशकातलं, स्कँडिनेव्हियात मूस या अजस्र हरणापर्यंत सगळ्यावर वापरलेलं. दुसरं २००७ चं. हरणाच्या दृष्टीने दोघांत फरक नाहीच. १४० ग्रेनच्या आसपास लांबट गोळी, २,६०० ते २,७०० फूट, २,१०० ते २,३०० फूट-पाउंड. लांबट असल्यामुळे वाऱ्यात कमी सरकते आणि खोल जाते. धक्का .२४३ आणि .३०८ च्या बरोबर मध्ये. स्वीडिशला लांब बोल्टची (काडतूस नळीत ढकलणाऱ्या दांड्याची) रायफल लागते, क्रीडमोरला छोट्या बोल्टची. आज नवी घेणार असाल तर क्रीडमोरला निवड जास्त. चांगली जुनी स्वीडिश मिळाली तर बिनधास्त घ्या.

७ मिमी-०८. .३०८ च्याच टोपीत ७ मिलिमीटरची गोळी, १४० ग्रेन, सुमारे २,४०० फूट-पाउंड. स्वभावाने फार समंजस काडतूस. अडचण एवढीच की गावातल्या लहान दुकानात हवी ती पेटी मिळेलच असं नाही.

.२७० विंचेस्टर. १९२५ पासून डोंगरावरची आवडती. १३० ग्रेन, ३,०६० फूट, २,७०० फूट-पाउंड. दोनशे मीटरवर सुरेख. पण साठ मीटरवर रो हरणाच्या खांद्यावर मारली तर पुढचा पाय आणि अर्धी फासळी रक्ताळून वाया जाते. आवाज आणि भडकाही जास्त. जंगलात बसणाऱ्या नवख्याला आम्ही ती सुचवणार नाही.

.३०८ विंचेस्टर. १९५२ सालचं. १५० ग्रेन, सुमारे २,८२० फूट, २,६५० फूट-पाउंड. काडतुसांचे जितके प्रकार यात मिळतात तितके दुसऱ्या कशात नाहीत, आणि आखूड नळीतूनही वेग फारसा घटत नाही. .२७० पेक्षा वेग कमी असल्याने जवळच्या नेमात मांसही कमी वाया जातं. तक्रार एकच: धक्का.

.३०-०६ आणि त्यापुढच्या मॅग्नम. ब्रिटनमधल्या कोणत्याही हरणासाठी त्यांची गरज नाही. .३०-०६ वाईट नाही, पण .३०८ जे करते तेच ती जास्त दारू जाळून करते. .३०० विंचेस्टर मॅग्नम पहिली रायफल म्हणून घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना पहिल्याच वर्षी चाप ओढताना डोळे मिटायची सवय लागते, आणि ती जायला पुढची दोन वर्षं लागतात.

‘पण .२४३ चा मार्ग सपाट आहे ना?’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. आकडे पाहा. रायफल १०० मीटरवर अडीच सेंटिमीटर वर मारेल अशी लावली, तर २०० मीटरवर .२४३ ची १०० ग्रेनची गोळी नेमाच्या पाच-सहा सेंटिमीटर खाली जाते आणि .३०८ ची १५० ग्रेनची सातच्या आसपास. हा फरक नवख्याच्या हाताच्या थरथरीत हरवून जातो.

चौथी पायरी: धक्का स्वतःच्या खांद्यावर मोजा

सगळ्यात जास्त हरणं धक्क्यामुळे जखमी होतात, असं म्हटलं तरी चालेल. मेंदू चाप सुटायच्या आधीच खांदा आवळतो, डोळे मिटतो, नळी खाली-डावीकडे ओढतो. माणसाला स्वतःला हे कळत नाही, कारण बार झाल्यावर सगळंच हललेलं असतं.

आठ पाउंड, म्हणजे साडेतीन किलोहून थोडी जास्त वजनाची रायफल धरली तर धक्क्याची ऊर्जा साधारण अशी येते: .२४३ साडेआठ फूट-पाउंड, ६.५ क्रीडमोर १२, .३०८ साडेचौदा, .२७० पंधरा, .३०० विंचेस्टर मॅग्नम २६ च्या पुढे. रायफल हलकी असेल तर आकडा वाढतो. साडेसहा पाउंडांची सुबक डोंगरी .३०८ हातात घ्यायला छान वाटते, पण आठ पाउंडांच्या .२७० पेक्षा ती जास्त लाथ मारते. मॉडरेटर, म्हणजे नळीच्या तोंडाला लावायचं आवाज दाबणारं नळकांडं, लावला की धक्का जाणवण्याइतका कमी होतो आणि आवाजही. ब्रिटनमध्ये स्टॉकिंगच्या रायफलीवर तो जवळजवळ सगळेच लावतात, तुम्हीही लावा. नळीचं वजन पुढच्या टोकाला थोडं वाढतं, एवढंच.

दचकणं पकडायची पद्धत सोपी आहे. रेंजवर सोबत्याला सांगा की मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एक-दोन बनावट काडतुसं मिसळ, कुठे ते मला सांगू नको. एकेक करत चाप ओढा. बनावट काडतुसावर नुसता ‘टक’ आवाज येईल. त्या क्षणी स्कोपमधला (रायफलीवरच्या दुर्बिणीतला) क्रॉस जागचा हलला नाही तर ते कॅलिबर तुमचं. नळीचं तोंड खाली आपटलं तर कॅलिबर खाली उतरवा किंवा रायफल जड घ्या. वीस काडतुसांत हा निकाल लागतो.

यासाठी रायफल विकत घ्यायची गरज नाही. १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टमध्ये २०१७ साली घातलेल्या कलम ११ए प्रमाणे, खासगी जमिनीवर, फायरआर्म सर्टिफिकेट (पोलिसांनी दिलेला बंदुकीचा परवाना) असलेल्या माणसाच्या उपस्थितीत आणि त्या कलमातल्या अटींवर, १७ वर्षं पूर्ण झालेला माणूस स्वतःचं सर्टिफिकेट नसतानाही त्याची रायफल वापरू शकतो. पैसे देऊन सोबत नेणाऱ्या व्यावसायिक स्टॉकरकडे ‘एस्टेट रायफल’ असते. दोन-तीन वेगवेगळ्या जागी जाऊन एकदा .२४३ आणि एकदा .३०८ झाडून पाहा, मग अर्ज भरा. सगळ्या लेखात हा एक सल्ला पाळलात तरी खर्च वाचेल.

पाचवी पायरी: तांब्याच्या गोळीचा विचार आजच करा

शिशाची गोळी लागल्यावर बारीक कण मांसात लांबपर्यंत पसरतात. म्हणून मांस विकत घेणारे व्यापारी शिसेविरहित हरणं मागू लागले आहेत, आणि ब्रिटन सरकारने २०२५ मध्ये शिकारीच्या शिशाच्या दारूगोळ्यावर निर्बंधाचा निर्णय जाहीर केला, बदलासाठी तीन वर्षांची मुदत ठेवून. आज घेतलेली रायफल वीस-तीस वर्षं टिकते. तेव्हा ती तांबं चांगलं मारते का, हे आत्ताच बघायला हवं.

तांबं शिशापेक्षा हलकं. त्याच वजनाची गोळी तांब्याची केली की ती लांब होते. लांब गोळी हवेत स्थिर राहायला जास्त फिरावी लागते, आणि फिरवतात नळीच्या आत कोरलेले पिळदार आटे. दहा इंचांत एक फेरा देणाऱ्या आट्यांना ‘एकास दहा’ म्हणतात. बहुतेक .२४३ रायफली एकास दहाच्या असतात. त्यात १०० ग्रेनची शिशाची गोळी नीट जाते, १०० ग्रेनची तांब्याची जात नाही; ८० ग्रेनची जाते. स्कॉटलंडने २०२३ मध्ये १०० वरून ८० ग्रेनवर येण्यामागे हाच हिशेब होता. आटे कमी पडले की कागदी लक्ष्यावर गोल भोकाऐवजी लांबट, चावीच्या भोकासारखं भोक पडतं. असं एक जरी दिसलं तरी ती पेटी त्या रायफलीत पुन्हा घालू नका.

तांब्याची गोळी फुलायला वेग हवा. बनावटीप्रमाणे साधारण १,८०० ते २,००० फूट प्रति सेकंदाच्या खाली ती फुलत नाही आणि पेन्सिलीसारखं बारीक भोक पाडून निघून जाते. म्हणून नियम उलटा होतो: शिशात जड गोळी चांगली, तांब्यात एक पायरी हलकी. .३०८ मध्ये १५० ऐवजी १३० च्या आसपास, ६.५ मध्ये १४० ऐवजी १२० च्या आसपास. ६.५ क्रीडमोरची नळी मुळातच एकास आठ असते, .३०८ ला अंतर्गत जागा भरपूर. त्यामुळे तांब्याचा प्रश्न आला की ही दोन काडतुसं .२४३ पेक्षा सरस ठरतात. तांब्याच्या गोळीनंतर हरीण शिशापेक्षा थोडं जास्त पळू शकतं, तेव्हा उभ्या जागेची खूण नीट लक्षात ठेवा आणि माग काढायला शिकलेला कुत्रा कुणाकडे आहे ते आधीच माहीत करून घ्या.

सहावी पायरी: नळीची लांबी

पेटीवरचा वेग सहसा २४ इंची चाचणी-नळीतला असतो. प्रत्येक इंच कापला की साधारण २५ फूट वेग जातो. आता .२४३ ची तीच १०० ग्रेनची, २,९६० फुटांची पेटी १८ इंची नळीत घाला. सहा इंच कमी, १५० फूट कमी, उरले २,८१०. ऊर्जा १,७५४ फूट-पाउंड. स्कॉटलंडची मर्यादा १,७५०. चारच फूट-पाउंड शिल्लक! थंडीत, किंवा तुमची नळी थोडी संथ निघाली आणि वेग २,८०० वर आला, तर १,७४१ होतात: इंग्लंडमध्ये कायदेशीर, स्कॉटलंडमध्ये बेकायदेशीर. म्हणून .२४३ घेणाऱ्याने २० इंचांच्या खाली उतरू नये, आणि एकदा तरी क्रोनोग्राफवर स्वतःच्या नळीचा वेग मोजावा. .३०८ ला १८ इंचांतही भरपूर शिल्लक राहते. मॉडरेटर लावून मचाणात वळवायला आखूड नळी बरी पडते.

नळीच्या टोकाला मॉडरेटरसाठी आटे पाडलेले आहेत का ते बघा. अर्धा इंच यूएनएफ, १४ × १, १५ × १, पाच-अष्टमांश × २४ अशी मापं चालतात. मॉडरेटर त्याच मापाचा घ्या. बळजबरीने फिरवलेला वाकडा बसतो आणि पहिलीच गोळी त्याच्या आतल्या पडद्यांना घासून जाते.

मग घ्यायची कोणती?

फक्त रो आणि मंटजॅक, धक्क्याची भीती, बांधा हलका: .२४३, २२ इंची नळी, ८० ग्रेन तांबं किंवा १०० ग्रेन शिसं. सगळ्या जाती, एकच रायफल, पुढे तांबंच मारायचं: ६.५ क्रीडमोर. जंगलात मचाणावर जास्त काम, मोठ्या फॅलो-लाल हरणांची संख्या, आणि धक्क्याची चाचणी पास: .३०८. नवख्याने या तिघांच्या बाहेर जाण्याचं कारण आम्हाला दिसत नाही, आणि कुणी एकच नाव विचारलं तर ६.५ क्रीडमोर सांगू.

बजेट ठरलेलं असेल तर रायफलीवर कमी आणि स्कोप, त्याच्या रिंगा व काडतुसांवर जास्त घाला. मध्यम किमतीची नवी बोल्ट रायफलसुद्धा १०० मीटरवर तीन सेंटिमीटरचा ग्रुप (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पसारा) देते. स्वस्त स्कोपच्या काचेत मात्र संध्याकाळच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत, जेव्हा हरीण खरंच बाहेर येतं, नुसता करडेपणा दिसतो.

अर्ज भरताना

प्रत्येक कॅलिबर तुमच्या फायरआर्म सर्टिफिकेटवर स्वतंत्र नोंदवावं लागतं आणि त्यासाठी पोलिसांना योग्य कारण दाखवावं लागतं: कोणत्या जमिनीवर, कोणतं हरीण. जमीनमालकाची लेखी परवानगी जोडा. ‘डिअर स्टॉकिंग सर्टिफिकेट लेव्हल १’ केलेलं असेल तर बोलणं सोपं जातं. त्यातली नेमबाजीची परीक्षा १०० मीटरवर चार इंचांत तीन गोळ्यांनी सुरू होते, मग ७० आणि ४० मीटरवरून वेगवेगळ्या बैठकीत. कॅलिबर नंतर बदलायचं तर सर्टिफिकेटमध्ये फेरफार करून घ्यावा लागतो. तोवर दुसरी रायफल दुकानातून हलत नाही. जवळ किती काडतुसं ठेवता येतील हा आकडाही त्यावरच छापलेला असतो. तो मागताना सराव धरून मागा.

रायफल हातात आल्यावर

एकाच गोळीच्या दोन-तीन वेगवेगळ्या बनावटींची एकेक पेटी घ्या. प्रत्येकी तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप, मध्ये नळी हाताला कोमट लागेपर्यंत थंड होऊ देत. जी पेटी सर्वात घट्ट ग्रुप देईल तिच्या, शक्य असेल तर एकाच लॉट क्रमांकाच्या, पाच पेट्या आणून ठेवा. शिसं आणि तांबं एकाच दिवशी आलटून पालटून मारू नका. नळीत एकाचा थर बसलेला असताना दुसऱ्याचा ग्रुप पसरतो. बदलायचं तेव्हा नळी तांबं काढणाऱ्या द्रावणाने चिंधी पांढरी येईपर्यंत पुसा, मग चार-पाच गोळ्या सोडून द्या आणि त्यानंतरचे ग्रुप मोजा.

झिरो, म्हणजे स्कोप आणि गोळी पडायची जागा जुळवणं, मॉडरेटर लावूनच करा, कारण तो काढला-घातला की गोळी पडायची जागा बदलते. १०० मीटरवर अडीच सेंटिमीटर वर, डावी-उजवीकडे शून्य. शेवटी सकाळी, थंड आणि कोरड्या नळीतून एकच गोळी झाडा आणि ती कुठे पडते ते वहीत लिहून ठेवा. असं तीन वेगवेगळ्या सकाळी करा. रानात हरणावर जाणारी गोळी नेहमी तीच असते, थंड नळीतली पहिली.